इथे नको, अजून नको

स्मिटिया हा डासासारखा दिसणारा, पण न चावणारा एक बारीकसा कीटक आहे. १९७६ साली कँडलर-झिंगर आणि काल्थॉफ या संशोधकांनी त्याची अंडी आरएनए तोडणाऱ्या विकराच्या द्रावणात बुडवली आणि तशीच बुडालेली असताना त्यांना पुढच्या टोकाशी बारीक सुईने टोचलं. छिद्रातून विकर आत शिरलं. पुढे त्यातल्या पुष्कळ अंड्यांत जे भ्रूण वाढले त्यांना डोकं नव्हतं, छातीही नव्हती. मागे नेहमीसारखं पोट होतं आणि पुढेही पोटच होतं, तेही उलटं, म्हणजे शेपटाचं टोक पुढे. दुसरंच विकर वापरलं किंवा अंड्याला भलतीकडे टोचलं, तर असं सहसा घडत नसे.

काल्थॉफ त्याआधी काही वर्षं अतिनील किरणांच्या माऱ्याने असेच दोन पोटांचे भ्रूण घडवत होते, त्यामुळे संशय न्यूक्लिक आम्लांवर होताच. तो आता आरएनएवर येऊन ठेपला. डोकं कुठे यावं हे ठरवणारं काहीतरी अंड्याच्या पुढच्या टोकाशी आधीच ठेवलेलं असतं आणि त्यात आरएनए असतो, एवढं कळलं. तो आरएनए कोणता, तिथे त्याला कुणी नेलं, तो तिथून हलत का नाही, हे शोधायची साधनं मात्र तेव्हा कुणाच्याच हातात नव्हती. पुढची उत्तरं मिळाली ती बहुतांशी दुसऱ्या एका कीटकात. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी तांबड्या डोळ्यांची चिलटं आपण हाताने हाकलतो, तो हा ड्रोसोफिला.

शाळेत आपण शिकतो ते असं: डीएनएत माहिती असते, तिची नक्कल आरएनएत उतरते आणि आरएनएवरून प्रथिन तयार होतं. या गोष्टीत आरएनए हा नुसता निरोप्या. दिलेला निरोप पोचवायचा आणि नाहीसं व्हायचं. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. संदेशवाहक आरएनएचा मधला भागच रायबोसोम वाचतो. त्याच्या आधी एक तुकडा असतो आणि नंतर एक, बहुधा बराच लांब. या दोन्ही तुकड्यांचं प्रथिनात रूपांतर होत नाही. बराच काळ हा शेवटचा तुकडा दुर्लक्षित राहिला. जनुकाचा क्रम प्रसिद्ध करताना त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नसे, कारण त्यातून काही 'बनत' नाही. या पुस्तकाचा विषय मुख्यतः तोच तुकडा आहे. आरएनए कुठे जाणार, तिथे टिकणार की तुटणार, त्यावरून प्रथिन आत्ता होणार की दोन तासांनी, की कधीच नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि तो वाचत गेलं की ध्यानात येतं, त्यात बहुतेक ठिकाणी मनाईच लिहिलेली आहे.

आधी ड्रोसोफिलाचं अंडं पाहू. प्रयोगशाळेत या माश्यांना अंडी घालायला सफरचंदाच्या रसात मुरवलेली अगारची थाळी देतात, मधोमध यीस्टच्या लगद्याचा ठिपका. सकाळी थाळी भिंगाखाली धरली की लगद्याच्या कडेने पांढुरके दाणे रोवलेले दिसतात. लांबी अर्धा मिलिमीटर. आकार तांदळाच्या दाण्यासारखा, एक बाजू किंचित फुगीर, आणि पुढच्या टोकाजवळ पाठीकडून निघालेल्या दोन वल्ह्यांसारख्या काड्या. अंडं ओल्या लगद्यात बुडालं तरी या काड्यांतून त्याला हवा मिळते. ब्लीचच्या पातळ द्रावणात मिनिट-दोन मिनिटं ठेवलं की बाहेरचं कवच सुटतं, काड्याही जातात, आणि आतला भ्रूण पारदर्शक पडद्यातून दिसू लागतो. सुरुवातीला त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं. सारखाच राखाडी बलक, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

हा सारखेपणा फसवा आहे. अंडं मादीच्या पोटात तयार होत असतानाच त्याची दिशा ठरून गेलेली असते. एका मूळ पेशीचे चार वेळा विभाजन होऊन सोळा पेशी होतात, पण त्या एकमेकींपासून पुरत्या तुटत नाहीत, त्यांच्यामध्ये कड्यांसारखे मार्ग उघडे राहतात. सोळांपैकी एक अंडपेशी होते. उरलेल्या पंधरा तिला पोसतात. त्यांची केंद्रकं अखंड आरएनए तयार करतात आणि तो त्या कड्यांतून अंडपेशीत ओततात. अंडं बाहेर पडेपर्यंत त्यात हजारो जनुकांचे आरएनए भरलेले असतात, सगळे आईचे.

अंडं घातल्यावर जे होतं त्याचा वेग आपल्याला सवयीचा नाही. केंद्रक दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, सुरुवातीला दर आठ-नऊ मिनिटांनी. अशी तेरा विभाजनं होतात आणि या सगळ्या काळात मध्ये पेशींचे पडदे उभे राहतच नाहीत. सुमारे सहा हजार केंद्रकं एकाच सामायिक पेशीद्रव्यात पृष्ठभागाखाली ओळीने येऊन थांबतात, मग पडदे त्यांना वेगळं करतात. तोवर अडीच-तीन तास झालेले असतात. इतक्या घाईत केंद्रकांना स्वतःची जनुकं वाचायला उसंतच नसते. त्यामुळे भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांपैकी फार थोडी आधी जागी होतात. बापाकडून आलेली जनुकं या पहिल्या काळात जवळजवळ मुकीच राहतात. पुढचं-मागचं, वरचं-खालचं हे सारं आईने भरून ठेवलेल्या आरएनएवर चालतं. डीएनएचं नियंत्रण बंद असताना आरएनए स्वतः कसा वागतो हे पाहायचं असेल तर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कीटकांच्या भ्रूणाने या विषयात एवढं शिकवलं याचं खरं कारण हे आहे.

हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी ज्या उत्परिवर्तनांची मोठी छाननी केली, तिच्यासाठी त्यांना एडवर्ड लुइस यांच्याबरोबर १९९५ चं नोबेल मिळालं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्याहून जास्त आवडतो तो १९८६ चा एक प्रयोग. बायकॉइड नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या माशीची पिल्लं डोक्याविना वाढतात. फ्रोनहोफर आणि न्युसलाइन-फोलहार्ड यांनी निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकाचं पेशीद्रव्य सुईने ओढून घेतलं आणि ते बिघाड असलेल्या अंड्यात घातलं. पुढे घातलं तर डोकं पुढे आलं. मध्येच घातलं तर डोक्याचे अवयव मध्येच उगवले. दोनच वर्षांत बायकॉइडचा आरएनए पुढच्या टोकाला टोपीसारखा बसलेला दिसला. तो रंगवलेल्या भ्रूणाचा फोटो या पुस्तकात आहे: पुढे गर्द निळसर टोपी, बाकी सगळं रिकामं. या टोपीतून तयार झालेलं प्रथिन मागे मागे पसरत विरळ होत जातं, आणि कुठल्या जागी ते किती आहे यावरून केंद्रकांना आपण कुठे आहोत हे समजतं.

मग आरएनए टोपीत राहतो कशाने? १९८८ मध्येच मॅकडॉनल्ड आणि स्ट्रूल यांनी दाखवलं की याला मधला, प्रथिनाचा भाग लागतच नाही. शेवटच्या तुकड्यातली सुमारे सव्वासहाशे अक्षरं पुरेशी आहेत. तेवढी कापून दुसऱ्या कुठल्याही आरएनएच्या मागे लावली की तोही पुढच्या टोकाला जाऊन बसतो. ही अक्षरं स्वतःवर वळून जागोजागी जुळतात, आणि त्यातून देठ व त्याच्या टोकावर फास अशा आकृती बनतात. स्टाउफेन नावाचं प्रथिन असे दुहेरी देठ ओळखून त्यांना धरतं. बायकॉइडच्या आरएनएत एक आणखी गंमत आहे. एका रेणूचा फास दुसऱ्या रेणूच्या फासाशी अक्षराला अक्षर जुळून अडकतो. त्या फासातली अक्षरं बदलली की जोडी तुटते. समोरच्या फासात तितकीच उलट बदलली की जोडी पुन्हा जमते. आकृती महत्त्वाची, अक्षरं निमित्त. हे प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम कमी केलेलं नाही.

आरएनएच्या या तुकड्याला जाणकार पत्ताच म्हणतात, आणि पाकिटावरचा पत्ता बदलला तर काय होतं हे तपासण्याचा मोह कुणालाही होईल. व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये आन एफ्रुसी आणि रूथ लेमन यांनी १९९२ साली तेच केलं. ऑस्कर नावाच्या जनुकाचा आरएनए एरवी अंड्याच्या मागच्या टोकाला जातो. तिथे त्याच्या प्रथिनाभोवती एक खास द्रव्य जमतं, आणि त्या जागी आलेल्या केंद्रकांपासून माशीच्या भावी जननपेशी बनतात. भ्रूणाच्या मागच्या टोकाला गोल मण्यांचा झुबका दिसतो तो यांचाच. एफ्रुसी आणि लेमन यांनी ऑस्करचा मधला भाग घेऊन त्याच्या मागे बायकॉइडचा शेवटचा तुकडा जोडला. मजकूर ऑस्करचा, पत्ता बायकॉइडचा. जननपेशी पुढच्या टोकाला उगवल्या, जिथे डोकं यायचं तिथे. एलिझाबेथ गॅव्हिस आणि लेमन यांनी त्याच वर्षी नॅनोस नावाच्या जनुकाच्या आरएनएला हाच पत्ता लावला, आणि दोन्ही टोकांना पोट असलेले भ्रूण मिळाले.

इथपर्यंतची कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते आणि तिथेच थांबते. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की सगळं कौशल्य आरएनए योग्य जागी पोचवण्यात आहे. नॅनोसचा हिशेब केला तर ही समजूत टिकत नाही. नॅनोसच्या आरएनएपैकी जेमतेम चार टक्के मागच्या टोकाला पोचतो. उरलेला शहाण्णव टक्के अंडभर पसरलेला असतो. माशीचं तरीही बिघडत नाही. कारण नॅनोसच्या शेवटच्या तुकड्यात नव्वदेक अक्षरांची एक खूण आहे, तिच्यावर स्मॉग नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि त्या आरएनएवरून प्रथिन होऊ देत नाही. मागच्या टोकाशी ऑस्करच्या सान्निध्यात हा बंदोबस्त सैल होतो आणि तेवढ्यापुरतं प्रथिन तयार होतं. थोडक्यात, नेमका पत्ता शोधून देणं हे या यंत्रणेचं काम नाहीच. सगळीकडे बंदी आणि एका जागी सूट, असं तिचं धोरण आहे.

आता ही सूट ज्या प्रथिनाला मिळाली ते करतं काय? तेही मनाईच करतं. हंचबॅक नावाच्या जनुकाचा आरएनए अंडभर सारखा पसरलेला असतो. त्याच्या शेवटच्या तुकड्यात दोन छोट्या खुणा आहेत. त्यांवर प्युमिलिओ नावाचं प्रथिन बसतं, नॅनोसला जोडीला घेतं, आणि मागच्या अर्ध्या भागात हंचबॅक होऊ देत नाही. हंचबॅक तिथे नसलं तरच पोट तयार होतं. १९८९ मध्ये तीन गटांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं की आईकडून येणारं हंचबॅकच काढून टाकलं, तर नॅनोस नसूनही पोट व्यवस्थित वाढतं. म्हणजे पोट घडवण्यासाठी नॅनोसकडे स्वतःचं देण्यासारखं काही नाही. अडसर दूर ठेवणं हीच त्याची सगळी कामगिरी.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसू लागतं. ऑस्करचा आरएनए मागे पोचेपर्यंत वाटेत त्यावरून प्रथिन होऊ नये म्हणून ब्रूनो नावाचं प्रथिन त्याला आवळून धरतं. खुद्द बायकॉइड, ज्याला आपण जनुकं चालू करणारं प्रथिन म्हणून ओळखतो, ते पुढच्या भागात कॉडल या जनुकाच्या आरएनएच्या शेवटच्या तुकड्याला चिकटून त्याचं प्रथिन थांबवतं. वाढ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी भरत जाणं येतं. माशीच्या अंड्यात सगळं आधीच भरलेलं असतं. वाढ होते ती कुठे काय बोलू द्यायचं नाही याच्या वाटपातून. काही अभ्यासकांना हे टोकाचं वाटेल. शेवटी कुठेतरी प्रथिन व्हावंच लागतं, हे मला मान्य आहे. तरी पहिल्या तीन तासांत कामाला लागलेल्या नियंत्रक प्रथिनांची यादी मांडली तर 'थांब' म्हणणाऱ्यांचं पारडं जड आहे, आणि पुस्तकाची मांडणी मी त्याप्रमाणेच केली आहे.

ऑस्करबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे तीन प्रकरणांत विखुरली आहे. डीएनएवरून ऑस्करचा कच्चा आरएनए तयार होतो तेव्हा त्याच्या मध्ये नको असलेले तुकडे असतात. ते केंद्रकात कापून काढले जातात आणि उरलेली टोकं जोडली जातात. एफ्रुसींच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की हे तुकडे आधीच वगळून, म्हणजे अक्षर अन् अक्षर तयार आरएनएसारखंच जनुक माशीला दिलं, तर तो आरएनए मागच्या टोकाला जात नाही. अंतिम मजकूर तोच असूनही कापाकापी झालेली असावी लागते. कापण्याच्या जागी काही प्रथिनं चिकटून राहतात, जोडावर एक छोटा देठही तयार होतो, आणि पुढच्या प्रवासात या दोन्हींची गरज पडते. मजकुराबरोबर त्याचा इतिहासही वाहून नेला जातो हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत अनपेक्षित सत्य वाटतं.

आईचा साठा कायम ठेवूनही चालत नाही. भ्रूणाची स्वतःची जनुकं जागी होताना जुने आरएनए काढून टाकावे लागतात. त्यात स्मॉगचाच मोठा हात असतो, आणि भ्रूणाने स्वतः तयार केलेल्या काही सूक्ष्म आरएनएंचाही. हे सूक्ष्म आरएनए जेमतेम बावीस-एक अक्षरांचे.

त्यांच्याबाबतीत माशीने एक खूण फार आधी दिली होती, ती कुणाला वाचता आली नाही. माशीच्या पाठीवर ठरावीक जागी ताठ केस असतात, त्यांची संख्या आणि जागा ठरलेली असते. बीअर्डेड नावाच्या जनुकाच्या काही उत्परिवर्तनांत हे केस नको तितके उगवतात. १९९७ मध्ये पोसाकोनी यांच्या गटाने पाहिलं तर प्रथिनाचा भाग ठणठणीत होता. उडत्या डीएनएचा एक तुकडा जनुकाच्या शेपटाकडे घुसला होता आणि तिथली सहा-सात अक्षरांची छोटी छोटी वाक्यं तुटली होती. हीच वाक्यं केसांच्या जागा ठरवणाऱ्या दुसऱ्या जनुकांच्या शेपटांतही सापडली. ती आरएनएला आवर घालतात हे स्पष्ट होतं. कोणाच्या हाताने, हे कळेना. २००१ मध्ये माशीतले सूक्ष्म आरएनए हाती लागले. पुढच्याच वर्षी आधी त्याच गटात असलेल्या एरिक लाय यांनी निदर्शनाला आणलं की ती वाक्यं या सूक्ष्म आरएनएंच्या सुरुवातीच्या अक्षरांशी हुबेहूब जुळतात. सूक्ष्म आरएनएचं पहिलं टोकच लक्ष्य शोधतं हा आजचा सर्वमान्य नियम रूढ होण्यात या केसांचा वाटा आहे. पुस्तकातल्या चित्रांत पाठीचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले आहेत. घाईने पान उलटू नये.

हे सगळं एखाद-दुसऱ्या जनुकाचं कौतुक आहे असंही कुणी म्हणेल. टोरंटोमध्ये लेक्युएर, क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन हजारांहून जास्त जनुकांचे आरएनए माशीच्या भ्रूणात एकेक करून रंगवले. २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार जे आरएनए भ्रूणात दिसले त्यांपैकी ७१ टक्के पेशीत विशिष्ट जागी बसलेले होते.

तरी एक सावधगिरी हवी. ड्रोसोफिला म्हणजे सगळे कीटक नव्हेत. बायकॉइड हे जनुक फक्त पुढारलेल्या माश्यांच्या कुळात आहे. मधमाशीत नाही, पिठात होणाऱ्या तांबूस ट्रायबोलियममध्ये नाही, फुलपाखरात नाही. ते शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांपैकी एका जुन्या जनुकाच्या दुपटीतून निघालेलं, उत्क्रांतीच्या हिशेबात कालपरवाचं जनुक आहे. ट्रायबोलियममध्ये डोक्याचं काम ऑर्थोडेंटिकल आणि हंचबॅक ही जनुकं मिळून सांभाळतात, आणि मादीच्या पोटात दुहेरी आरएनए टोचून तिच्या पिल्लांतलं जनुक बंद पाडता येतं म्हणून हे तपासणंही त्या किड्यात सोपं गेलं. कायरोनोमस या डासासारख्याच कीटकात २०१५ मध्ये पॅनिश नावाचं अगदी वेगळंच जनुक सापडलं. त्याचा आरएनए पुढच्या टोकाशी असतो आणि डोकं त्यावर अवलंबून असतं. काम तेच, हुद्दा तोच, माणूस निराळा. त्यामुळे 'कीटकांत असं असतं' असं वाक्य या पुस्तकात सहसा येणार नाही; कोणत्या कीटकात, हे दर वेळी सांगितलं आहे.

रेशीमकिड्याचं प्रकरण मात्र सर्वांनी वाचावं, विशेषतः जालना-बीडकडे तुतीची लागवड करणाऱ्यांनी. नराच्या कोषात रेशमाचं प्रमाण मादीच्या कोषापेक्षा जास्त असतं, त्यामुळे किड्याचं लिंग कशाने ठरतं हा प्रश्न तिथे पैशाचा आहे. डब्ल्यू गुणसूत्र असलेला किडा मादी होतो हे १९३० च्या दशकापासून माहीत होतं. त्या गुणसूत्रावरचं मादी घडवणारं जनुक शोधताना सगळे प्रथिन शोधत राहिले आणि ते सापडेना. २०१४ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या किउची, कात्सुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथे प्रथिन नाहीच. तिथून निघतो तीसेक अक्षरांचा, पीआय-आरएनए या जातीचा एक छोटा आरएनए. तो दुसऱ्या एका जनुकाच्या आरएनएला गाठून तोडतो. ते जनुक नर घडवणारं. ते गप्प झालं की मादी. हाच पीआय-आरएनए मादी भ्रूणात निकामी केला की नराच्या वळणाचा आरएनए तयार होऊ लागतो.

प्रथिनाशिवायच काम करणाऱ्या आरएनएचा भारताशी जुना संबंध आहे. ड्रोसोफिलाच्या अळीच्या लाळग्रंथीत अजस्र गुणसूत्रं असतात, आणि जिथे आरएनए जोराने तयार होतो तिथे ती फुगतात. १९७० मध्ये लखोटिया आणि मुखर्जी यांनी नोंदवलं की बेंझामाइड हे रसायन दिलं की ९३डी या एकाच जागी फुगवटा येतो. उष्णतेच्या धक्क्याने फुगणाऱ्या जागांपैकी ही एक, पण इतर जागांतून प्रथिनं निघत होती आणि हिच्यातून निघत नव्हतं. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी नंतरची दशकं या जागेमागे घालवली. केंद्रकात राहणारा तिचा लांब आरएनए इतर आरएनएंवर संस्कार करणाऱ्या प्रथिनांना ठिपक्याठिपक्यांत धरून ठेवतो, हे तिथेच २००० साली दिसलं. उष्णता वाढली की ते ठिपके विरघळून ती प्रथिनं ९३डीपाशी गोळा होतात. शेवटचं प्रकरण त्यावर आहे. ते आधी वाचलं तरी चालेल, फक्त त्यातले स्टाउफेन आणि स्मॉग कोण हे कळायला मागची पानं चाळावी लागतील.